भूमिपूजनाला हार, पन्हळीला नकार

म्हैसूरला जाणारा मराठी प्रवासी मुख्य राजवाडा आणि चामुंडी टेकडी पाहून परततो. मानसगंगोत्री परिसरातला जयलक्ष्मी विलास सहसा त्याच्या यादीत नसतो. राजकन्या जयलक्ष्मी अम्मणींसाठी १९०५ मध्ये बांधलेला, युरोपीय प्रबोधनकालीन शैलीचा हा महाल पुढे म्हैसूर विद्यापीठाकडे आला. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या लोकसंस्कृती संग्रहालयाचे तो घर झाला. राजकन्येच्या दालनांत चामड्याच्या बाहुल्या, यक्षगानाची वेशभूषा आणि कुणब्याची अवजारे मांडली गेली. प्रजासत्ताक म्हणजे काय, हे इतक्या सोप्या रीतीने सांगणारी दुसरी वास्तू मला ठाऊक नाही.

मग ती पुनःपुन्हा मोडकळीस का यावी? 'पैसा नाही' हे ठरावीक उत्तर मला मान्य नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात इन्फोसिस फाउंडेशनच्या सुमारे १ कोटी १७ लाख रुपयांच्या देणगीतून तिचा जीर्णोद्धार झाला. दोन दशके सरतात न सरतात तोच पुन्हा मोठी दुरुस्ती आली आणि अमेरिकेच्या राजदूत निधीचे साहाय्य घ्यावे लागले.

दोष आपल्या हिशेबपद्धतीत आहे. जीर्णोद्धार हा भांडवली खर्च. त्याला कोनशिला, हार, छायाचित्रे लाभतात. देखभाल हा महसुली खर्च. काटकसरीची कात्री प्रथम तिच्यावर चालते. एका कार्यालयात असताना जुन्या इमारतीच्या पन्हळी साफ करण्याचा प्रस्ताव 'अनावश्यक' असा शेरा मारून परत आलेला मी पाहिला आहे. पुढे छत गळले, तेव्हा त्याच्या कितीतरी पट रक्कम विनातक्रार मंजूर झाली. अर्थशास्त्रात घसारा पहिल्याच वर्षी शिकवतात. शासनात तो निवृत्तीपर्यंत कळत नाही.

काहीजण म्हणतील, महाल हॉटेलाला द्या. त्याच शहरातला १९२१ चा ललिता महाल हॉटेल झालाच की! पण तेथे खोलीचे भाडे भरणाऱ्याचा मान राहतो. कुणब्याच्या नांगराला तेथे जागा कोण देणार?

माझे म्हणणे एवढेच: जीर्णोद्धाराच्या प्रत्येक मंजुरीबरोबर कायम ठेव बांधावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी डागडुजी व्हावी. ठेवीची तरतूद नसेल तर प्रस्तावच फेटाळावा. कोनशिला बसवणारे बदलून जातात. पाऊस मात्र दरवर्षी येतो.