करंगळी वर करणारं मूल

पहिलीतल्या मुलानं तास चालू असताना करंगळी वर केली, की त्याला जाऊ द्यायचं की ‘आत्ताच तर मधली सुट्टी झाली, बस खाली’ म्हणायचं? बालहक्कांचा पहिला प्रश्न मला हा वाटतो. संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता १९८९ मध्ये संमत केली, भारतानं ती १९९२ मध्ये स्वीकारली. पण सहा वर्षांच्या मुलाला ती कळते ती अशा क्षणी बाईंनी काय उत्तर दिलं, त्यावरून.

म्हणून शाळेत गेले की मी आधी स्वच्छतागृह पाहते. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच नोंदवलेलं आहे. खोली बांधलेली असते; पण कुठे नळाला पाणी नसतं, कुठे दाराला कडी नसते, कुठे कुलपाची किल्ली कार्यालयात असते. अशा शाळेतल्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग पोट दुखतं, लघवीला जळजळ होते आणि ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा मात्र मुलीच्या नावावर पडतो.

२००९ च्या याच कायद्याच्या कलम १७ नं मारण्यावर बंदी आणली आणि त्याच दमात मानसिक छळावरही. छडी गेलेल्या वर्गांतही हा दुसरा भाग विसरला जातो. ‘ढ’ म्हणणं, सगळ्यांसमोर चुकीचा पाढा पुन्हा पुन्हा म्हणायला लावणं, वस्तीचं नाव घेऊन ‘तुमच्याकडची मुलं अशीच’ असं सुनावणं, याचे वळ अंगावर दिसत नाहीत, म्हणून तक्रारही होत नाही. मुलाला भीतीपासून मुक्त ठेवावं, त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडता यावं, हे कलम २९ सांगतं. घरी कोरकू किंवा वारली बोलणाऱ्या मुलाच्या पहिल्या शब्दाला वर्ग हसला आणि गुरुजी गप्प राहिले, तर ते मूल पुढे तोंड उघडत नाही.

मुलाच्या बाजूनं शाळेचा विचार करणं महाराष्ट्राला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यात कोसबाडला वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची! मूल ‘गैरहजर’ असं लिहून त्या थांबल्या नाहीत. ते का येऊ शकत नाही, हे त्यांनी आधी समजून घेतलं.

आज बऱ्याच शाळांत मंत्रिमंडळ असतं. स्वच्छता मंत्री, आरोग्य मंत्री अशी पदं मुलांना मिळतात. पण कागद वेचणं आणि रांगा लावणं यापलीकडे त्यांना काय विचारलं जातं? खेळाचा तास गणिताला द्यायचा का, खिचडी सगळ्यांना पोटभर मिळते का, ती वाढताना कुणाला वेगळं बसवलं जातं का, शाळेत कुणाची भीती वाटते, हे मुलांना विचारा. त्यांची उत्तरं नेमकी असतात.

यात शिक्षकांना आरोपी करण्यात अर्थ नाही. दोन शिक्षकांवर चार इयत्ता, त्यात सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरणं. ज्यांना स्वतःला श्वास घ्यायला फुरसत नाही, त्यांच्याकडून रोजच्या धीराची अपेक्षा करायची, तर तो बोजा आधी उतरवायला हवा. तो सरकारनं उतरवावा.

पालकांच्या हातातही बरंच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. तरी बैठकीत चर्चा रंगते ती रंगकामाची आणि स्नेहसंमेलनाची. पुढच्या बैठकीला जाण्याआधी शाळेच्या स्वच्छतागृहात एकदा स्वतः जाऊन या. मुलाला रोज ‘आज काय शिकवलं?’ विचारता, त्यासोबत ‘आज कुणी तुला घालूनपाडून बोललं का?’ हेही विचारा. जे उत्तर मिळेल ते बैठकीत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.