ही पदावनती कशी?



विधिमंडळ सोडून काउंटी कौन्सिलमध्ये जाणे म्हणजे 'खाली उतरणे', हे एका पत्रलेखकाचे मत मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचे डेव्ह अपथग्रोव्ह प्रतिनिधिगृहातून 2014 मध्ये किंग काउंटी कौन्सिलवर गेले. त्या राज्याचे विधिमंडळ अर्धवेळ. नियमित अधिवेशन विषम वर्षी 105, सम वर्षी 60 दिवस. विधिमंडळाचा मतदारसंघ सुमारे दीड लाखांचा, तर नऊ सदस्यांच्या या कौन्सिलचा अडीच लाखांचा! शिवाय बससेवा, तुरुंग, सार्वजनिक आरोग्य काउंटीकडेच. रोजच्या जगण्याशी याहून जवळचे काम कोणते? राज्यपातळीची दारेही बंद झाली नाहीत: 2024 मध्ये ते राज्याचे सार्वजनिक भूमी आयुक्त म्हणून निवडून आले.

— एक वाचक