नाव कोणाचे, नोंद कोणाची?

सायकल विकली की ती दुसऱ्याच्या दारात उभी राहते. पुस्तक देऊन टाकले की आपल्या फळीवर तेवढी जागा रिकामी होते. पण ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ने संपणारे संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन नेम, एकाकडून दुसऱ्याकडे गेले असता काय हलते? जागचे काहीच हलत नाही. एका नोंदवहीतील ओळ तेवढी बदलते.

इंटरनेटवरील यंत्रे परस्परांना अंकी पत्त्यांनी ओळखतात. नावे आहेत ती माणसांच्या सोयीसाठी. कोणत्या नावाचा पत्ता कोणत्या सर्व्हरला विचारावा, याची मूळ नोंद ‘डॉट कॉम’साठी व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी ठेवते, तर ‘डॉट इन’चा कारभार निक्सी ही भारतीय संस्था पाहते. आपण त्यांच्याकडे थेट जात नाही. रजिस्ट्रार म्हणून काम करणाऱ्या एखाद्या कंपनीकडे खाते उघडतो आणि ती आपल्या वतीने नोंद करते. ‘डॉट कॉम’ची नोंद एका वेळी फार तर १० वर्षांची असते, पुढे पुन्हा पैसे भरावे लागतात. म्हणजे ‘मालकी’ हा शब्द येथे जरा सैलपणेच वापरला जातो.

जगातील पहिले ‘डॉट कॉम’ नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या अमेरिकन संगणक कंपनीने नोंदवले. २००९ मध्ये ते विकले गेले. नाव अक्षरशः तेच राहिले, नोंदणीदार बदलला. अशा हस्तांतरात दोन निराळ्या गोष्टी असतात व त्यांची नेहमी गल्लत होते. नोंदणीदार बदलणे ही एक. आणि तोच नोंदणीदार ठेवून नाव एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेणे ही दुसरी. दुसऱ्या कामासाठी नावावरचे कुलूप काढून, जुन्या रजिस्ट्रारकडून एक गुप्त संकेत घेऊन तो नव्याला द्यावा लागतो.

या व्यवहारांवर इकॅन या जागतिक संस्थेचे नियम चालतात. त्यांतील ६० दिवस थांबण्याच्या नियमावर बरेच जण चिडतात. मला मात्र तो नियम शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे जमिनीचा फेरफार होताना हरकतीसाठी मुदत ठेवतात, ती का? खोटी नोंद लगेच पक्की होऊ नये म्हणून. परंतु नोटीस वाचणारेच कोणी नसेल, तर मुदत कितीही द्या, तिचा काय उपयोग?

‘पर्ल डॉट कॉम’चे उदाहरण पाहा. पर्ल ही संगणकाला सूचना देण्याची एक भाषा. तिच्यावरील लेखांचे हे जुने, नावाजलेले स्थळ जानेवारी २०२१ मध्ये अचानक दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले दिसले. शोध घेतल्यावर कळले की चोरी सप्टेंबर २०२० मध्येच झाली होती. रजिस्ट्रारला बनावट कागदपत्रे दाखवून खाते बळकावले गेले असावे, असा संबंधितांचा कयास होता. चोरांनी ६० दिवस शांतपणे जाऊ दिले, डिसेंबरमध्ये नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे व जानेवारीत तिसऱ्याकडे नेले, आणि १,९०,००० डॉलरना विक्रीस ठेवले! संकेतस्थळ तोवर पूर्ववत चालू होते, त्यामुळे कोणाला संशयही आला नाही. फेब्रुवारीत नाव परत मिळाले खरे. पण ते नावाजलेले होते, त्याच्यासाठी धडपडणारी जाणती माणसे होती. एखाद्या शाळेच्या नावासाठी कोण धावणार?

शाळांच्या बाबतीत तर चोराचीही गरज नसते. उत्साही शिक्षक किंवा माजी विद्यार्थी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ई-मेलवर शाळेचे नाव नोंदवतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. पुढे त्याची बदली होते किंवा तो परगावी जातो. मुदत संपल्याची सूचना त्याच्या जुन्या टपालात पडून राहते आणि नाव सुटते. मग ते कोणीही घेऊ शकतो, आणि त्या नावाच्या ई-मेलवर पालकांनी धाडलेली पत्रेही त्याच्याच हाती पडतात. माहितीपत्रकांवर, प्रयोगवह्यांच्या वेष्टनांवर छापलेला पत्ता काही पुसता येत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, नोंद संस्थेच्याच नावे असावी आणि कपाटाच्या किल्ल्या व जडवस्तू संग्रहाची वही जशी सही घेऊन सोपवतात, तसे हे खातेही पदभार देताना सोपवावे. संपर्काचा ई-मेल व्यक्तीचा नको, मुख्याध्यापक या पदाचा हवा. आणि तो त्याच डोमेनवरचा मुळीच नको! नाव गेले तर ई-मेलही जाईल, आणि तक्रार करायला तोंडच उरणार नाही. उच्च शिक्षण संस्थांना मिळणारे ‘एसी डॉट इन’ नाव अर्नेट ही संस्था कागदपत्रे पाहूनच देते. तेथे व्यक्तीच्या नावाचा घोळ मुळातच कमी.

तुमच्या शाळेचे नाव ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ असेल, तर इकॅनच्या संकेतस्थळावर त्याची नोंद कोणालाही पाहता येते. नोंदणीदाराचे नाव बहुधा झाकलेले असेल. पण रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते, हे तेथे दिसेल. ती तारीख मुख्याध्यापकांना दाखवा आणि खाते कोणाच्या नावे आहे, तेही विचारा.