दात गेला म्हणून घास का जावा?

चाळिशी-पन्नाशी उलटली की दात पडू लागतात. आपण "वय झालं" म्हणतो आणि सोडून देतो. मग भाकरी रश्श्यात कुस्करून खायची, शेंगदाणे वर्ज्य करायचे. पण मोकळ्या जागेकडे शेजारचे दात कलतात, तिथले जबड्याचे हाड झिजत जाते. म्हणून गेलेल्या दाताची सोय करणे ही चैन नव्हे, गरज आहे.

जळगाव-धुळ्यातही आता दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर 'इम्प्लांट' हा शब्द दिसतो. हा आहे तरी काय? टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू हाडात बसवतात. काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरते, मग त्यावर कृत्रिम दात चढवतात. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडावर प्रयोग करताना टायटॅनियम हाडाला चिकटून बसल्याचे आढळले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. ते चाळीस वर्षे टिकले.

उपचार चांगला, पण महाग. एका दातात कामगाराचा महिन्याचा पगार जाऊ शकतो. त्यासाठी दागिना गहाण टाकू नका, व्याजाने पैसे काढू नका. काढता-घालता येणारी कवळी किंवा शेजारच्या दातांच्या आधाराने बसणारा ब्रिज यांनीही घास चावता येतो. धुळ्याला साक्री रस्त्यावर दंत महाविद्यालय आहे. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगरला आहेत. अशा ठिकाणी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात, खर्च कमी येतो. साठीपुढच्या गरीब वृद्धांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतील साहित्यात कवळीचाही समावेश आहे. आपल्या भागात शिबिर कधी आहे, याची जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जरूर चौकशी करा.

इम्प्लांट करायचाच असेल, तर एकूण खर्च किती, किती खेपा, आणि स्क्रू हाडात बसला नाही तर पुढे काय, हे आधी विचारा. मधुमेह असल्यास डॉक्टरांना सांगा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण जास्त असते.

आणि भगिनींनो, एक कळकळीची विनंती. दात दुखतो म्हणून मिश्री लावणे आजच थांबवा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात घट्ट होत नाहीत, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पुरुषांनीही खिशातली पुडी फेकावी. असलेला दात राखणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.