दुकानाबाहेरचे अक्षर टिकावे म्हणून

कोणत्याही बाजारपेठेत काचांवर आणि दारांच्या चौकटींवर चिकटवलेले जुने छापील कागद पाहिले, तर त्यांतील बहुतेक निळसर पडलेले दिसतात. छापले गेले तेव्हा त्यांत लाल, केशरी, हिरवा असे सारे रंग होते. परंतु छपाईच्या चार मूळ शाईंपैकी पिवळी आणि किरमिजी या दोन उन्हात आधी उडतात. निळी आणि काळी अधिक काळ तग धरतात. ग्राहकाला मात्र हे शास्त्र ठाऊक नसते. त्याला दिसते ती दुकानदाराची हेळसांड.

आज पाटीवर केवळ नाव लिहून भागत नाही. दुकानाची वेळ, दूरध्वनी क्रमांक, पैसे स्वीकारण्याचा क्यूआर कोड असा मजकूर बाहेर लावावा लागतो. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतील नियम १८ प्रमाणे प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपला जीएसटी क्रमांक प्रवेशद्वारावरील नामफलकावर लावणे बंधनकारक आहे; आणि हे केवळ पेढीपुरते नसून नोंदणीत दाखवलेल्या प्रत्येक अतिरिक्त जागेला, म्हणजे गोदामालाही, लागू आहे. ज्या चुकीसाठी कायद्यात वेगळा दंड सांगितलेला नाही, तिच्यासाठी कलम १२५ खाली २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पेढीवरची पाटी बहुधा नीट असते. दुर्लक्ष होते ते गोदामाच्या दाराकडे. तेथे साध्या कागदावर छापून चिकटपट्टीने लावलेला क्रमांक एका पावसाळ्यात नाहीसा होतो.

अशा लहान मजकुरासाठी घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापता येणारे व्हिनाइल हा चांगला उपाय आहे. ए-४ आकाराच्या या तावाला मागे चिकट थर आणि वर शाई धरून ठेवणारा बारीक लेप असतो. ज्याला बाजारात सर्रास ‘रेडियम’ म्हणतात, तेही बहुधा व्हिनाइलच असते. फरक इतकाच की तेथे रंगीत ताव कापून अक्षरे काढतात, येथे पांढऱ्या तावावर अक्षरे छापतात. मात्र हा ताव लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नये. त्या यंत्रातील उष्णतेने व्हिनाइल वितळून आतल्या रुळाला चिकटते आणि वीस रुपयांच्या बचतीपायी हजारोंची दुरुस्ती गळ्यात पडते.

टिकाऊपणाची पहिली कसोटी शाईची. इंकजेटची शाई दोन जातींची असते. डाय शाईत रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो. ती चमकदार दिसते, पण उन्हाला लवकर बळी पडते. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म घन कण असतात. ते ऊन आणि पाणी दोन्ही अधिक सोसतात. घरगुती वापराच्या अनेक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची आणि बाकीचे रंग डायचे असतात. म्हणून शाईच्या बाटलीवरील किंवा माहितीपुस्तिकेतील नोंद आधी वाचावी. वेष्टनावर ‘वॉटरप्रूफ’ असे छापलेले असते, ते तावाविषयी असते. पाण्याने न ओघळणारा रंगही उन्हाने उडू शकतो. ज्यांच्याकडे केवळ काळी शाई पिगमेंटची आहे, त्यांनी पांढऱ्यावर काळा मजकूर छापावा आणि छपाईच्या पर्यायांत केवळ काळ्या शाईची निवड करावी. एरवी काळा रंगही तिन्ही रंग मिसळून छापला जाण्याचा संभव असतो. क्यूआर कोडलाही काळ्या-पांढऱ्याचा ठळक फरकच मानवतो.

अक्षराचा आकार ठरवताना पाट्या रंगवणाऱ्यांचा एक ठोकताळा उपयोगी पडतो: दहा फुटांवरून वाचायचे अक्षर किमान एक इंच उंच असावे. जीएसटी क्रमांकात अंक आणि इंग्रजी अक्षरे मिळून पंधरा चिन्हे असतात. शून्य आणि ओ, एक आणि आय यांतील भेद स्पष्ट दिसेल असाच टाइप घ्यावा. छापल्यावर क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी एकेक चिन्ह ताडून पाहावा.

दुसरी कसोटी लॅमिनेशनची, आणि घाई होते ती येथेच. छापलेला ताव हाताला कोरडा लागला तरी लेपाच्या आत ओल असते. तो सपाट ठेवून पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. पावसाळी हवेत दोन दिवस. अर्धवट वाळलेल्या शाईवर फिल्म चढवली तर ओल आत कोंडते आणि पुढे फुगे धरतात. फिल्म कोल्ड लॅमिनेशनची, पारदर्शक आणि अतिनील किरणे अडवणारी घ्यावी. ओळखपत्रांसाठी वापरतात ते गरम लॅमिनेशन येथे चालत नाही. उष्णतेने व्हिनाइल आक्रसते.

कडांकडे विशेष लक्ष द्यावे. पाणी वरून शिरत नाही, ते कडेने शिरते. छापील व्हिनाइल आणि फिल्म एकाच रेषेत कापली, तर शाईच्या लेपाची कड उघडी राहते आणि पावसाचे पाणी तेथून आत झिरपते. म्हणून स्टिकर आधी कापून, मागचा कागद काढून जागेवर लावावा, आणि मग त्यापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर मोठी फिल्म वरून चढवावी. फिल्मची कड थेट काचेला वा पत्र्याला चिकटते आणि स्टिकर आत बंद होतो. दोन्हींचे कोपरे गोल कापावेत. टोकदार कोपरा आधी उचलला जातो.

तिसरी कसोटी पृष्ठभागाची. जागा साबणपाण्याने धुवावी, कोरडी करावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढावा. नव्याने रंगवलेल्या दारावर काही आठवडे थांबावे, कारण ताज्या रंगातून निघणारी वाफ स्टिकर उचलते. भाजलेल्या पत्र्यावर दुपारी काम करू नये. सकाळची वेळ उत्तम. एका कडेपासून सुरुवात करून कापड गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने हवा बाहेर सारत जावे. राहिलेल्या फुग्याला सुईने टोचून हवा दाबून काढावी. त्यानंतर किमान एक दिवस तेथे पाणी लागू देऊ नये. शटरच्या नागमोडी पत्र्यावर, खडबडीत भिंतीवर किंवा पोपडे धरलेल्या रंगावर हे स्टिकर टिकत नाहीत. तेथे ॲक्रिलिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सपाट तुकड्यावर स्टिकर लावून तो तुकडा स्क्रूने बसवावा.

काचेच्या आतून लावण्याचा मार्ग अनेकांना सुचतो. पाऊस लागत नाही, हे खरे. पण ऊन अडत नाही, कारण साध्या काचेतून अतिनील किरणांचा मोठा भाग आत येतो. शिवाय त्यासाठी पारदर्शक व्हिनाइलवर मजकूर उलटा छापावा लागतो, आणि घरगुती प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसल्याने मागे अंधारे दुकान असले की रंग फिके दिसतात.

एवढी काळजी घेऊनही घरी केलेल्या स्टिकरकडून किती अपेक्षा ठेवावी, याचा हिशेब स्पष्ट असावा. आडोशाला, छपराखाली तो दोन-एक वर्षे नीट राहू शकतो. दिवसभर ऊन झेलणाऱ्या दक्षिणेकडील वा पश्चिमेकडील दारावर त्याहून कमी. दुकानाचे मुख्य नाव, मोठा फलक, मालवाहू गाडीच्या बाजूवरील मजकूर ही कामे व्यावसायिक छपाईवाल्याकडेच द्यावीत. त्यांच्याकडील सॉल्व्हंट वा यूव्ही शाई आणि जाड लॅमिनेशन यांची बरोबरी घरी होत नाही. काम देताना व्हिनाइल कोणत्या प्रतीचे हे विचारावे: मोनोमेरिक स्वस्त व अल्पायुषी, पॉलिमेरिक मध्यम, आणि कास्ट सर्वांत महाग पण गाडीच्या वक्र पत्र्यावरही बसणारे. दरपत्रकात हा शब्द लिहून घेतला म्हणजे पुढे वाद होत नाही.

घरच्या छपाईत मात्र एक नमुना आधी करून पाहावा. एकाच मजकुराचे दोन तुकडे छापावेत. एकाच्या निम्म्या भागावर फिल्म चढवून तो गच्चीवर, भर उन्हात लावावा. दुसरा कपाटात ठेवावा. महिन्याभराने दोन्ही शेजारी धरले की आपली शाई काय सोसते आणि फिल्म किती वाचवते, हे दुकानदाराच्या सांगण्यावर विसंबून न राहता कळते. स्टिकर लावल्याची तारीख वहीत नोंदवावी. दिवाळीपूर्वी दुकान आणि गोदाम झाडून-धुऊन काढतात, तेव्हा प्रत्येक दारावरचा क्रमांक दहा फुटांवरून वाचून पाहावा; एक जरी चिन्ह अडले तरी नवा ताव छापायला घ्यावा.