पराक्रमी पित्याची हौस

थोर पुरुषाचा बाप रणशूर असलाच पाहिजे, असा एक हट्ट आमच्या चरित्रकारांत व व्याख्यात्यांत बळावला आहे. नट असो, खेळाडू असो वा राष्ट्रपुरुष असो. त्याच्या पित्यानें कधीं काळीं लष्करी पोषाख चढविला होता एवढें कळण्याचाच अवकाश, कीं त्याच्या हातीं तरवार देऊन त्यास एखाद्या रणभूमीवर उभें करण्यांत येतें. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी जवळ असल्यामुळें पुण्यांत ही हौस अंमळ अधिकच.

सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. आंबेडकरांचे वडील, यांचें या हौसेनें जें केलें आहे तें पाहून मौन धरवत नाहीं. कोणी त्यांना रणधुरंधर ठरवितो. कोणी ‘इंग्रजांचे चाकर’ म्हणून नाक मुरडतो. या उभय पंडितांस विचारावेंसें वाटतें, कीं सुभेदारांनीं पलटणींत आयुष्य कशांत वेंचलें, हें आपण कधीं वाचलें आहे काय? ते शिक्षक होते! लष्करी शाळेंत त्यांनीं सुमारें चौदा वर्षें मुख्याध्यापकी केली. पलटणींतील शिपायांच्या मुलांमुलींस त्या काळीं शिक्षण सक्तीचें असे. गांवच्या शाळेनें ज्यांस उंबऱ्याबाहेर ठेविलें असतें, त्यांस छावणींत अक्षरें भेटलीं. १८९१ सालीं महू येथें या गृहस्थांच्या घरीं चौदावें अपत्य जन्मलें. त्या घरांत विद्येची आस्था कोठून आली, याचें उत्तर तरवारींत शोधून सांपडणार नाहीं.

आणि ज्यांना चाकरीचा विटाळ होतो, त्यांनीं पुढील हकीकतही ध्यानांत घ्यावी. १८९० नंतर दोनतीन वर्षांतच ‘लढाऊ जातीं’च्या खुळापायीं सरकारनें महारांची भरती बंद केली. ज्यांचीं नांवें कोरेगांवच्या स्तंभावर सरकारनेंच कोरविलीं, त्यांचेच वंशज आतां लढण्यास नालायक! या बंदीविरुद्ध रामजींनीं न्यायमूर्ति रानड्यांचें साहाय्य घेऊन सरकारकडे दाद मागितली. पेन्शनीवर जगणाऱ्या माणसानें पेन्शन देणाऱ्याशींच भांडावें, हें धैर्य कोणत्या पदकांत मोजावयाचें? १९१७ सालीं, युद्धाची निकड लागली तेव्हां, महारांची पलटण उभी राहिली. निकड संपतांच १९२१ त मोडली. रामजी १९१३ सालींच वारले होते. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ सालीं, बेळगांवीं. त्या वर्षीं पुत्र व्हाइसरॉयांच्या संरक्षण सल्लागार समितीवर होता.

त्याच १९४१ सालीं सुदान सरकारनें, आपल्या भूमीच्या रक्षणार्थ झुंजलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ, एक लक्ष पौंड देऊं केले. फाळणीनंतर हिंदुस्थानच्या वांट्यास त्यांतील सत्तर हजार आले, व त्यांतून खडकवासल्याची ती भव्य ‘सुदान ब्लॉक’ उभी राहिली. ज्यांच्यासाठीं ही देणगी आली, त्यांतील बहुतेकांच्या पोटीं कोणी नामांकित पुत्र जन्मला नाहीं. म्हणून त्यांचें मोल कमी झालें काय? पित्याची कीर्ति पुत्राच्या कीर्तीवरून मागाहून बेतणाऱ्यांस हा प्रश्न सुचत नाहीं.

आज खडकवासल्यास प्रवेश मागणाऱ्या मुलास ‘तुझी जात लढाऊ आहे काय’ असें कोणी विचारीत नाहीं. एके काळीं तें विचारलें जात असे, आणि एका पेन्शनर मास्तरानें त्यास हरकत घेतली होती, हें मात्र त्या मुलाच्या क्रमिक पुस्तकांत आलें पाहिजे. रामजींच्या कल्पित लढाया तेथून खुशाल वगळाव्या.