उत्तेजन हवे, हिशेबही हवा

नैसर्गिक वायूच्या दराशी शेगावच्या शेतकऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो आपल्या कपाशीला जो युरिया घालतो, तो मुख्यतः याच वायूपासून होतो. अलिबागजवळचा थळचा कारखाना मुंबई हायच्या वायूच्या आधारानेच उभा राहिला. वायू महागला तरी युरियाची गोणी महागत नाही, हे खरे; परंतु तो भार अनुदानाच्या रूपाने सरकारी तिजोरीवर, म्हणजे अखेर जनतेवरच पडतो.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सरकारी तेल कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांतील वायूचा दर कच्च्या तेलाच्या किमतीच्या १० टक्के ठरविला व त्यास कमाल मर्यादाही घातली. मात्र नव्या विहिरींतून, तसेच जुन्या विहिरींवर नव्याने काम करून मिळणाऱ्या वायूस २० टक्के अधिक दर देऊ केला. मुंबई हाय १९७४ साली सापडले. अशा वृद्ध क्षेत्रातून अधिक वायू काढावयाचा तर उत्तेजन दिलेच पाहिजे. त्याविषयी आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न देखरेखीचा आहे. नवा वायू कोणता आणि जुना कोणता, हे ठरविणार कोण?

हा संशय निराधार नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ क्षेत्राचा अनुभव ताजा आहे. तेथे कंत्राटदाराने आधी आपला खर्च वसूल करावा, मग सरकारने नफ्यातील वाटा घ्यावा, असा करार होता. विकासखर्चाचा अंदाज २००४ मध्ये सुमारे २४० कोटी डॉलर होता. तो २००६ मध्ये सुमारे ८८० कोटींवर गेला. उत्पादन मात्र योजलेल्या पातळीस पोहोचले नाही. अशा करारात खर्च वाढविण्याचाच मोह उत्पन्न होतो, हे महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. २०१६ च्या नव्या धोरणात सरकारने नफ्याऐवजी उत्पन्नातील वाटा स्वीकारला. शहाणपण आले, पण किती उशिरा!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. वाढीव दर मिळणाऱ्या प्रत्येक विहिरीच्या वायूचे मोजमाप स्वतंत्रपणे व्हावे, त्याचे आकडे दरवर्षी संसदेपुढे ठेवावेत आणि ज्या विहिरीचे उत्पादन खरोखर वाढले नाही तिची सवलत काढून घ्यावी. बैलाला पेंड घालणारा शेतकरी नांगरट किती झाली हेही पाहतो. सरकारनेही तेवढे पाहावे, इतकेच आमचे म्हणणे आहे.